पहिल्या तीन ओळी

२०२४ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला परभणी-हिंगोलीकडे असा पाऊस झाला की सोयाबीन चार-चार दिवस पाण्यात उभं होतं. मी गावात सेवा केंद्र चालवते. एक रुपयात पीक विम्याचे अर्ज मीच भरले होते. जुलैत गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्या अटींची लांबलचक पोस्टही मीच टाकली होती, वर तीन ओळींचा सारांश देऊन: एक रुपया भरा. सातबारा, आधार, पासबुक आणा. शेतात पाणी साचून पीक गेलं तर विमा मिळेल.

पाऊस होऊन सहाव्या दिवशी एक आबा फोनमध्ये शेताचे फोटो घेऊन आले. मी विचारलं, "ऑनलाइन तक्रार केली का?"

"कसली तक्रार, ताई? तुम्हीच लिहिलं होतं ना, विमा मिळेल म्हणून."

नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत कळवावं लागत होतं, अॅपवर किंवा १४४४७ ला फोन करून. हेही मी लिहिलं होतं, पण पार खाली. लांब मजकूर फोनवर मध्येच दुमडतो आणि पुढचं वाचायला बोट लावावं लागतं. आबा माझ्या तीन ओळींवर विसंबले. चूक त्यांची नव्हती.

लांब मजकुराला असा सारांश जोडायची सवय इंटरनेटवर वीसेक वर्षांपासून आहे. इंग्रजीत त्याला 'टीएलडीआर' म्हणतात, म्हणजे 'फार लांब आहे, वाचलं नाही'. आधी हा वाचणाऱ्याने मारलेला टोमणा होता. मग लिहिणारेच तो शब्द घालून आपल्या मजकुराचं सार देऊ लागले. २०१८ मध्ये मेरियम-वेबस्टरच्या शब्दकोशात तो दाखल झाला.

आपल्याला याची गरज किती आहे, ते शासन निर्णय उघडला की कळतं. आधी विभाग, क्रमांक, तारीख, मग संदर्भांची यादी, मग प्रस्तावना. खरा निर्णय त्यानंतर सुरू होतो, आणि शेतकऱ्याने काय करायचं ते त्याच्याही पोटात कुठेतरी. आदेशाला आधार लागतो, म्हणून ती मांडणी बरोबरच आहे. पण कुणीतरी ती उलटी करून सांगायला हवी.

उलटी करताना मी योजनेचा फायदा वर आणला आणि अट खाली ठेवली. सारांशात नेमकं हेच होतं. 'मिळेल' टिकतं, 'पण' गळतं. आता फोनही सारांश करून देतो. एकदा करून पाहिला, तर 'पात्र शेतकऱ्यांना लाभ मिळेल' एवढंच आलं. सगळ्या अटी त्या 'पात्र' शब्दात गडप! म्हणून मी सारांश हातानेच लिहिते, पोस्ट पूर्ण झाल्यावर. मुदत पहिली, पैसे कशाने बुडतील ते दुसरं, कागदपत्रं तिसरी. मग आईला वाचून दाखवते आणि तिला काय समजलं ते विचारते.

२०२५ च्या खरिपात नियम बदलले. माझ्या पोस्टच्या वर होतं: एक रुपयाचा विमा बंद, हप्त्याचा हिस्सा भरावा लागेल. पाणी साचल्याची वेगळी भरपाई यंदा नाही. भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या उत्पादनावरच.

दहा मिनिटांत आबांचा फोन आला. "ताई, मग ते ७२ तासांचं?"

"ते यंदा नाही, आबा."

"मग भरू का नको?"

"केंद्रावर या. मागच्या पाच वर्षांचं तुमचं आणि महसूल मंडळाचं सोयाबीन किती निघालं, ते बसून बघू."