द्रव वर्णलेखनातील विद्रावक-सुसंगतता व गंजप्रतिबंध

द्रव वर्णलेखन, म्हणजेच लिक्विड क्रोमॅटोग्राफी, ही मिश्रणातील घटक वेगळे करून मोजण्याची पद्धत आहे. तिच्या एचपीएलसी या प्रकारात पंपाच्या साहाय्याने विद्रावक मोठ्या दाबाखाली स्तंभातून वाहवला जातो. उपकरणातील भागांना अपाय न करण्याच्या आणि आधीच्या विद्रावकात निर्वेधपणे मिसळण्याच्या त्याच्या गुणाला विद्रावक-सुसंगतता म्हणतात.

पोलादी भाग

उपकरणातील नळ्या व जोड बहुधा ३१६ प्रतीच्या अगंज पोलादाचे असतात. त्यात सुमारे १६ ते १८ टक्के क्रोमियम व २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते. पृष्ठभागावरील क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर पोलादाचे रक्षण करतो. क्लोराइड आयन, विशेषतः आम्लधर्मी विद्रावात, हा थर जागोजागी भेदतात व तेथे खळगे पडतात. क्लोरोफॉर्मचे कालांतराने विघटन होऊन हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. त्यामुळे त्यापासूनही हाच धोका संभवतो. सुटलेले लोहाचे आयन स्तंभात अडकून काही संयुगांना धरून ठेवतात. परिणामी आलेखातील शिखरे पसरट होतात आणि औषधासारख्या नमुन्यातील घटकाचे मापन चुकू शकते. म्हणजेच गंज डोळ्यांना दिसण्यापूर्वीच निष्कर्ष बिघडू शकतात.

प्लास्टिकचे भाग

क्लोराइडयुक्त विद्रावांसाठी पीक या बहुवारिकाच्या नळ्या वापरतात. मात्र टेट्राहायड्रोफ्युरान व डायक्लोरोमिथेन यांमुळे पीक फुगते, तर संहत सल्फ्युरिक व नायट्रिक आम्लांमुळे त्याची हानी होते. म्हणून सर्व विद्रावकांना चालेल असा एकच पदार्थ निवडता येत नाही.

विद्रावक बदलताना

हेक्झेन व पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. त्यामुळे एकावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये आयसोप्रोपेनॉल वाहवतात. फॉस्फेट बफरनंतर थेट शुद्ध ॲसिटोनायट्राइल सोडल्यास क्षारांचे स्फटिक बनतात आणि पंपाचा दट्ट्या व सील झिजतात. म्हणून आधी बफरविरहित पाण्याने, किंवा थोडे मिथेनॉल मिसळलेल्या पाण्याने, क्षार धुऊन काढतात. सिलिकेवर आधारलेल्या सामान्य स्तंभांसाठी विद्रावाचा सामू साधारणतः २ ते ८ या मर्यादेत ठेवतात.

निगा

क्लोराइडयुक्त विद्राव उपकरणात रात्रभर साचू देत नाहीत. पोलादावरील संरक्षक थर पुन्हा तयार करण्यासाठी स्तंभ व डिटेक्टर वेगळे करून उपकरणातून विरल नायट्रिक आम्ल वाहवतात आणि नंतर ते पाण्याने पूर्णपणे धुतात. पीकचे भाग असल्यास आम्लाची तीव्रता उत्पादकाच्या सूचनेनुसारच ठरवतात.