पाय वाचविण्याची विद्या

मी भाषेचा अध्यापक. शस्त्रवैद्यकावर बोलण्याचा अधिकार माझा नव्हे. तथापि बोट काळे पडले की उचगावात काय अन् निपाणीत काय, आपल्याला प्रथम ‘साखर’ आठवते. मधुमेह नसलेल्या, तिशी-चाळिशीतल्या विडी ओढणाऱ्या माणसाचे दुखणे बहुधा निराळे असते. न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर यांनी 1908 साली त्याचे सविस्तर वर्णन केले. हातापायांच्या लहान व मध्यम रक्तवाहिन्यांना सूज येते, आत गुठळ्या धरतात, प्रवाह कोंडतो. आधी चालताना तळव्यात वा पोटरीत कळ, पुढे रात्रीची ठसठस, मग न भरणारी जखम. तोवर आपण तेल चोळत बसतो!

पाट तुंबला तर शेतकरी बाजूने दुसरा काढतो. 1948 साली पॅरिसमध्ये कुन्लँ यांनी पायातलीच शीर काढून अडथळ्याला असा वळसा दिला. शिरेत झडपा असतात, म्हणून ती उलटी करून जोडली. 1964 साली अमेरिकेत डॉटर यांनी आतून नळी सरकवून अरुंद वाट रुंद केली. आज ते काम फुग्याने होते. परंतु पाटाच्या टोकाशी मोकळी सरी लागते, आणि बर्गरच्या विकारात नेमक्या टोकाच्याच वाहिन्या बुजलेल्या असतात. अशा वेळी कमरेतील, रक्तवाहिन्या आवळून धरणारे मज्जातंतू छेदतात. काहींची वेदना त्याने शमते, जखम भरते. कोठे पोटातील वपा, म्हणजे आतड्यांवरचा चरबीचा पदर, पायात उतरवतात. यज्ञप्रकरणात भेटलेला हा शब्द शस्त्रक्रियागृहात पुन्हा भेटावा, याची मला मौज वाटली.

विडी चालू असेल तर यांतले काहीही टिकत नाही. दिवसाच्या एक-दोन विड्याही रोग जागा ठेवण्यास पुरतात. हे आपल्याकडे बोलणे जड जाते. 1981 साली तंबाखूच्या भावासाठी निपाणीच्या शेतकऱ्यांनी रस्ता रोखला, गोळीबारात माणसे गेली. ज्या पानावर चूल पेटते त्याला दोष कसा द्यावा?

पाय कापण्याचा सल्ला मिळाला, तर आधी रक्तवाहिन्यांच्या शस्त्रवैद्यास दाखवावे आणि रंगद्रव्य सोडून वाहिन्यांचे चित्र काढले आहे का, हे विचारावे. सडलेला भाग विष पसरवीत असेल तर मात्र विलंब जिवावर बेततो. तेव्हाही गुडघा राखता येईल का, हे जरूर विचारावे. गुडघा राहिला की कृत्रिम पायावर चालणे पुष्कळ सोपे जाते.