निनावी ई-मेलचा माग

निनावी पत्र हा प्रकार आमच्या पिढीस नवा नाही. शाळेच्या टपालात वर्षाकाठी एखादे तरी पत्र असे येई, की ज्याखाली सही नसे. असे ते केवळ ‘एक हितचिंतक’. अक्षर मुद्दाम डाव्या हाताने काढलेले. पण पाकिटावरील टपालखात्याचा शिक्का ते कोणत्या गावी पेटीत पडले हे मुकाट्याने सांगून जाई. आता पत्राची जागा ई-मेलने घेतली. अक्षर नाही, शाई नाही, पाकीटही नाही. त्यामुळे धमकी देणाऱ्यास वाटते की आपण अदृश्य झालो, आणि ज्याला धमकी येते त्यालाही तसेच वाटते. हा समज बहुतांशी खोटा आहे, हे आम्हास गेल्या वर्षी जरा महागात शिकावे लागले.

सहामाही परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी शाळेच्या ई-मेलवर दोन ओळी आल्या. उद्या गणिताचा पेपर घेतलात तर शाळा उडवून देऊ, असा त्यांचा आशय. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात दहावीतील एका मुलाचे नाव व जन्मसाल स्पष्ट दिसत होते. पोलीस आले, वर्ग रिकामे करून त्यांनी कानाकोपरा तपासला. काही निघाले नाही. परंतु शिक्षकांच्या खोलीत निकाल त्यापूर्वीच लागला होता. आम्ही त्या मुलास बोलावले आणि चार सहकाऱ्यांसमोर बोलू नये ते बोललो. “सर, मी नाही,” एवढेच तो म्हणाला व मान खाली घालून उभा राहिला. ती खाली गेलेली मान आम्ही कबुलीच मानली. इकडे आमच्या कारकुनांनी घाबरून मजकुराची छापील प्रत काढली व मूळ ई-मेल पुसून टाकला.

संध्याकाळी ठाण्यात सायबर विभागाच्या फौजदारांनी ती प्रत बाजूला सारली. “गुरुजी, तुम्ही पत्र आणलंत, पाकीट कुठे आहे?” आम्ही निरुत्तर झालो. सुदैवाने पुसलेला ई-मेल जीमेलच्या कचरापेटीत ३० दिवस पडून असतो. तेथून त्यांनी तो परत मिळवला आणि आम्हास एक धडाच दिला. तो वाचकांच्याही उपयोगी पडावा.

प्रत्येक ई-मेलला एरवी आपल्या नजरेस न पडणारा एक मथळा असतो. त्यास हेडर म्हणतात. ई-मेल ज्या ज्या सर्व्हरमधून पुढे जातो तो तो सर्व्हर आपली नोंद आधीच्या नोंदींवर चढवतो, म्हणून हा मथळा खालून वर वाचावयाचा. मात्र तळाच्या ओळी पाठवणारा खोट्याही रचू शकतो. आपल्या बाजूच्या सर्व्हरने चढवलेली नोंद तेवढी भरवशाची. प्रेषकाच्या नावाला तर काडीचीही किंमत नाही, कारण कोणाच्याही नावाने खाते उघडता येते. हाच ई-मेल आपण दुसऱ्यास पुढे धाडला, तर त्याला आपला नवा मथळा लागतो व मूळचा हरपतो.

जीमेलसारख्या सेवेत ब्राउझरमधून पाठवलेल्या ई-मेलच्या मथळ्यात प्रेषकाचा आयपी पत्ता सापडत नाही. तो पोलिसांनी कंपनीकडे रीतसर मागावा लागतो. मग तो पत्ता ज्या इंटरनेट कंपनीचा, तिला विचारावयाचे, की अमुक क्षणी तो कोणत्या ग्राहकाकडे होता? ‘अमुक क्षणी’ हे शब्द येथे महत्त्वाचे. हे पत्ते बदलत राहतात, आणि मोबाईलवर तर एकच पत्ता एकाच वेळी अनेकांच्या वाट्याला आलेला असतो. नोंदीतील वेळ पुष्कळदा ग्रिनिचची असते. तीत साडेपाच तास मिळवावयास विसरले, की पोलीस भलत्याच दारात उभे! शिवाय या नोंदी जन्मभर राहत नाहीत. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाने त्या १८० दिवस ठेवणे बंधनकारक केले आहे. तेव्हा तक्रारीस विलंब नको.

दार बरोबर सापडले तरी माणूस सापडतोच असे नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका झाली. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांकडे धमकीचा ई-मेल आला होता. त्याचा आयपी पत्ता नवी मुंबईत सानपाड्यास राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या घरचा निघाला. त्याच्या वायफायला पुरेसे संरक्षण नव्हते. ते कोणी परक्याने वापरले होते. त्या गृहस्थाची चौकशी झाली, नाव देशभर गाजले, आणि अखेर त्याचा संबंध नसल्याचे निष्पन्न झाले. पुढच्याच महिन्यांत असेच ई-मेल माटुंग्याच्या एका महाविद्यालयातून व चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून गेले.

याच्या उलट गोष्ट अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाची. १६ डिसेंबर २०१३ रोजी परीक्षेच्या सकाळी तेथे बॉम्बच्या धमकीचे ई-मेल आले व चार इमारती रिकाम्या कराव्या लागल्या. पाठवणाऱ्याने तात्पुरत्या पत्त्याची सेवा वापरली होती आणि आपला माग पुसण्यासाठी टॉर नावाच्या जाळ्याचा आसरा घेतला होता. टॉरमध्ये मूळ आयपी पत्ता दिसत नाही. मात्र तो टॉरपर्यंत पोहोचला विद्यापीठाच्याच वायफायवरून! त्या वेळी टॉर कोण वापरत होते, हे विद्यापीठाच्या नोंदींत होते. एका विद्यार्थ्यास विचारणा होताच त्याने कबूल केले; परीक्षा टाळावयाची होती, म्हणाला. देश कोणताही असो, परीक्षेचे भय सारखेच, हे आम्हा मास्तरांस सांगावयास नको.

आपल्याकडे नाव लपवून धमकी देणाऱ्यास मूळ शिक्षेखेरीज आणखी २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भारतीय न्याय संहितेच्या ३५१ व्या कलमात तशी तरतूद आहे. १८६० च्या दंड संहितेतही ती होतीच. निनावी पत्रे तेव्हाही येत असणार.

आमच्या ई-मेलचा माग अठरा दिवसांनी लागला. आयपी पत्ता गावातील दुसऱ्याच आळीतल्या घरचा. त्या घरात माणसे पाच, फोन चार. एका फोनमध्ये ते खाते उघडलेले सापडले. फोन ज्याचा होता तोही आमचाच विद्यार्थी, त्याच वर्गातला; वर्गबंधूचे नाव त्याने का घेतले ते येथे सांगण्याचे कारण नाही. मुलगा अज्ञान आहे, प्रकरण बाल न्याय मंडळापुढे आहे.

फौजदारांचा निरोप आला त्याच संध्याकाळी आम्ही पहिल्या मुलाच्या घरी गेलो. आईने पाट मांडला, चहा केला. “तुम्ही मोठे, सर, तुम्ही का क्षमा मागायची,” असे त्या माउली म्हणाल्या. पण नजर वर केली नाही. आम्ही मुलाचे नाव घेऊन हाक मारली. आत दिवा लागलेला होता, वहीची पाने उलटल्याचा आवाजही येत होता. बाहेर तो आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या वेळी, ज्यांच्यासमोर त्यास बोललो होतो त्या चौघांसह साऱ्या शाळेपुढे आम्ही आमची चूक सांगितली. तो तिसऱ्या रांगेत उभा होता.