दगडी पात्याच्या धारेवर काय दिसतं?
आपल्या धारूरच्या बालाघाटासकट दख्खनचा काळा पाषाण फोडला की कुठे कुठे कॅल्सेडनी, म्हणजे गारेचा दगड, मिळतो. इनामगावच्या (जि. पुणे) ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांनी त्याचीच पाती काढली. ती कशाला वापरली? सूक्ष्मदर्शकाखाली धारेला समांतर ओरखडे दिसले तर कापायला, आडवे दिसले तर खरवडायला. धान्याच्या धाटात सिलिका असते. कापणी करून करून धारेवर काचेसारखी चमक चढते. सोव्हिएत संशोधक सेर्गेई सेम्योनोव्ह यांनी अशा खुणांवरून वापर ओळखण्याची पद्धत १९५७च्या ग्रंथात मांडली. नुसत्या आकारावरून ‘सुरी’, ‘तासणी’ ठरवण्यापेक्षा मला हीच साक्ष भरवशाची वाटते.
शेतात असं पातं दिसलं तर घासू नका, खिशात किल्ल्यांसोबत तर मुळीच नको; नवे ओरखडे पडून या खुणा बिघडतात. जागेवरच फोटो काढा, पुरातत्त्व विभागाला कळवा.