खुर्ची सोडून खाटेपर्यंत

सॅन होजे, कॅलिफोर्निया

गेल्या मंगळवारी मित्राच्या आईला भेटायला इथल्या एका नर्सिंग होममध्ये गेलो होतो. नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचं छोटं इस्पितळ नव्हे. ज्यांना स्वतःचं स्वतः करता येत नाही, अशा आजारी वृद्धांची ही राहण्याची जागा. काकूंच्या शेजारच्या खाटेवर पक्षाघात झालेल्या एक आजी होत्या. कपाळावर दिवा बांधलेली एक बाई त्यांच्या उशाशी बसली होती. बाजूला चाकांची पेटी उघडी. बारीक आकडीसारख्या हत्याराने ती आजींच्या खालच्या दातांमागचं कीटण काढत होती. मधेच थांबायची, लाळ टिपायची, आजींनी डोळ्यांनीच ‘चालू दे’ म्हटलं की पुन्हा सुरू.

ही डेंटिस्ट नव्हे, हायजिनिस्ट. अमेरिकेत दात साफ करून देण्याचं काम बहुतेक दवाखान्यांत हायजिनिस्टच करते. या बाईंनी वीस वर्षं ते केलं. दिवसभर मान वाकवून, मनगट वळवून खांदा कामातून गेला. या पेशात हे दुखणं घरोघरचं आहे. मग कुणी कॉलेजात शिकवायला जातं, कुणी विमा कंपनीत, कुणी हत्यारं विकणाऱ्या कंपनीत. यांना मात्र हातातली कला सोडवेना.

दवाखान्याबाहेर जाऊन हेच काम करता यावं, यासाठी कॅलिफोर्नियाने १९९८ पासून वेगळा परवाना ठेवला आहे. अनुभवी हायजिनिस्टने १५० तासांचा जादा अभ्यासक्रम पुरा करून परीक्षा दिली की तिला स्वतःचा व्यवसाय थाटता येतो. घराबाहेर पडू न शकणारे रुग्ण, शाळा, वृद्धांची निवासस्थानं आणि डेंटिस्टची टंचाई असलेले भाग यांच्यासाठी. दात भरणं, काढणं तिच्या अखत्यारीत नाही. तशी गरज दिसली की ती डेंटिस्टकडे पाठवते. वेळापत्रक तिचं, पेशंटही तिचे. या बाई आता दिवसाला चारच रुग्ण बघतात.

इथे याला ‘पर्यायी’ वाट म्हणतात. मला ते नाव पटत नाही. कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टच्या डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९१३ मध्ये हायजिनिस्टची पहिली शाळा काढली, आणि तिथून बाहेर पडलेल्या कितीतरी जणी थेट गावातल्या शाळांत गेल्या, मुलांचे दात साफ करायला. म्हणजे लोकांपर्यंत जाणं हीच या पेशाची मूळ वाट. दवाखान्याची खुर्ची नंतर पक्की झाली.

गरज तर डोळ्यांसमोर आहे. पासष्टीनंतरच्या सरकारी मेडिकेअर विम्यात नेहमीचे दंतोपचार बसत नाहीत. तोंड अस्वच्छ राहिलं की तिथले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात आणि दुबळ्या माणसाला न्यूमोनिया गाठतो.

आपल्याकडे १९४८ च्या डेंटिस्ट कायद्यातही हायजिनिस्टची वेगळी नोंदणी होती. पण स्केलिंग, म्हणजे कीटण काढणं, बहुधा डेंटिस्टच करतात, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसापर्यंत क्वचितच कुणी पोचतं. तुमच्या घरी असं कुणी असेल, तर आज रात्री त्यांची कवळी काढून धुवा. दात असतील तर मऊ ब्रशने घासून द्या, आणि हिरड्यांतून रक्त येतंय का, तेवढं बॅटरीच्या उजेडात बघा.