लहानग्या विमानाचे रंग

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं हल्लीं एक नवा उद्योग शिरला असेल. प्लॅस्टिकचे सुटे भाग पेटींत भरून येतात. ते कापून, घासून, चिकटवून मुलें विमानें व जहाजें जुळवितात. जुळविण्यापर्यंतचें काम आमच्यासारख्या शाळामास्तरालाहि उमगतें. खरी कसोटी लागते ती रंगाच्या वेळीं, आणि त्याविषयींच येथें लिहावयाचें आहे.

आमचे ज्येष्ठ बंधु, ज्यांस घरांत लहानथोर सर्व अण्णा म्हणतात, तरुणपणीं वायुदलांत यांत्रिक होते. १९६५ च्या युद्धाच्या वेळीं त्यांच्याकडे नॅट जातीच्या विमानांची देखभाल होती. मूळ इंग्लंडांतील फॉलंड कंपनीचें हें विमान पुढें बंगळूर येथें हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यांत परवान्यानें होऊं लागलें. यंदा अण्णांचें सहस्रचंद्रदर्शन. आमच्या नातवानें हट्ट धरला कीं, शाल-श्रीफळ सगळेच देतील, आपण अण्णाआजोबांना त्यांचें विमान देऊं. अण्णांची दृष्टि अलीकडे मंदावत चालली आहे. तेव्हां द्यावयाचें तें यंदाच, हें आम्हीहि मनांत जाणून होतों.

पहिली पेटी आली ती दोन आसनांच्या शिकाऊ नॅटची. इंग्लंडच्या रेड ॲरोज पथकानें १९६५ पासून १९७९ पर्यंत उडविलीं तीं तांबडीं विमानें ह्या जातीचीं. अण्णांचें विमान एकासनी, आणि रंगानें चंदेरी. पेटी बदलून घेतली. मूळ विमान ८.७४ मीटर लांब. बहात्तरांश प्रमाणांत तें बारा सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीहून किंचित् अधिक भरतें.

आतां रंग. परदेशांतून टपालानें मागवावे, तर ज्वालाग्राही द्रव्यें विमानटपालानें पाठविण्यास बंदी. नातवानें मग युक्ति केली. लोखंडी सामानाच्या दुकानांतून दाराखिडक्यांचा चंदेरी रंग आणला व तो पातळ करण्यास फर्निचरला वापरतात तें थिनर आणलें. पहिला हात डाव्या पंखावर फिरला मात्र, आणि पंख तव्यावरच्या पापडासारखा मुडपूं लागला! दुकानदाराचा यांत दोष नाहीं; मागितलें तें त्यानें दिलें. हे सुटे भाग पॉलिस्टायरीनचे असतात, आणि असलें तीव्र थिनर पॉलिस्टायरीनला विरघळवितें, हें आम्हांस ठाऊक असावयास हवें होतें. पोर दोन दिवस धड जेवलें नाहीं. पुढें लुकण भरून, पाण्याच्या पॉलिशकागदानें घासून चार दिवसांत पंख सरळ केला.

त्या अनुभवानंतर आम्हीं जें शिकलों तें असें. इंग्लंडांत हल येथें १९१९ मध्यें निघालेल्या हंब्रोल कंपनीचे एनॅमल रंग १४ मिलिलिटरच्या चिमुकल्या डब्यांत मिळतात. रंगद्रव्य तळाशीं बसलेलें असतें. तें मनापासून ढवळलें नाहीं तर वरचें नुसतें तेलच हातीं लागतें. हा रंग सावकाश वाळतो, म्हणून कुंचल्याच्या रेघा आपोआप मिटतात. मात्र घरांत मांजर असेल तर विमान कपाटांत ठेवावें. जपानांतील तामिया कंपनीचे ॲक्रिलिक रंग लवकर वाळतात, अल्कोहोलनें पातळ होतात, पण हवेच्या फवाऱ्यानें दिले तर जितके शोभतात तितके कुंचल्यानें शोभत नाहींत. तिसरी जात लॅकरची. ती सर्वांत तिखट. एनॅमलवर लॅकर दिलें तर खालचा थर सुरकुततो. पक्क्या वाळलेल्या लॅकरवर एनॅमल चालतें. हा क्रम उलटा केल्यामुळें कित्येकांचीं महिन्याचीं श्रमें फुकट गेलेलीं असतील. आणि कोणताहि रंग असो, आधीं सर्व भाग साबणाच्या पाण्यानें धुवावे, कारण सांच्यांतून सुटण्यासाठीं लावलेला चिकटपणा त्यांवर राहतो.

चंदेरी रंगाच्या किती छटा असाव्या! आम्हीं अण्णांना सहज विचारल्यासारखें करून विचारलें, "अण्णा, तुमचीं विमानें आरशासारखीं चकाकत का हो?" ते म्हणाले, "छे रे! नवें भांडें आठवडाभर चकाकतें, मग तें चुलीजवळचें भांडें होतें." झालें, निर्णय लागला. ज्याला आरशाची झळाळी हवी तो चंदेरीखालीं चकचकीत काळ्याचा थर देतो. आम्हीं साधा करडा दिला व चंदेरींतहि करड्याचे दोन थेंब मिसळले.

राहिलें पंखावरचें चक्र: बाहेर केशरी, मध्यें पांढरा, आंत हिरवा. केशरी म्हणजे नेमका कोणता? संस्कृतांत केशरालाच कुंकुम म्हणतात आणि आपल्या बायका कुंकू म्हणून लावतात तें हळदीचें. तेव्हां शब्दाचा येथें फारसा उपयोग नाहीं. राष्ट्रध्वजाच्या रंगांचें प्रमाण भारतीय मानकांत १९५१ पासून ठरलेलें आहे, पण आमच्या हातांत ध्वज होता, प्रमाणपत्रक नव्हतें. परदेशी डबींतील नारिंगी ध्वजाशेजारीं धरला तर फार तांबूस दिसे. शेवटीं कॅम्लिनचा, म्हणजे १९३१ मध्यें मुंबईस दांडेकरांनीं शाईपासून आरंभिलेल्या घराण्याचा, चित्रकलेचा ॲक्रिलिक नारिंगी घेऊन त्यांत पिवळा मिसळला. असले रंग नुसत्या प्लॅस्टिकवर नीट धरत नाहींत, प्रायमर मात्र आधीं पाहिजे. शिवाय लहान वस्तूवर मूळचाच रंग भडक दिसतो, म्हणून पांढऱ्याचा एक ठिपका अधिक घालावा. डोळ्यास तेंच खरें वाटतें.

समारंभाच्या दिवशीं अण्णांनीं विमान खिडकीपाशीं नेलें, डोळ्यांच्या अगदीं जवळ धरलें आणि पालथें केलें. चाकें उतरतांना त्यांचीं दारेंच ह्या विमानाला हवेंत रोखून धरीत, असें त्यांनीं नातवास समजाविलें. मग म्हणाले, "बाळ, या खोबणींत आंतून रंग द्यायचा राहिला कीं रे. तिथेंच तर माझे हात असत." नातू त्याच संध्याकाळीं त्यांच्याजवळ कागद-पेन्सिल घेऊन बसला. आतलें काय कोणत्या रंगाचें होतें, तें ते सांगत होते. दोन डब्या आणखी आणावयाच्या आहेत.