बाळाच्या मेंदूत 'बघण्याची जागा' कोण ठरवतं? जनुकं की डोळे?

बाळाचा मोबाईलवर फ्लॅश लावून फोटो काढला. एका डोळ्याची बाहुली लालसर दिसतेय आणि दुसऱ्याची पांढरट. बहुतेक घरांत 'फ्लॅशमुळे तसं आलं असेल' असं म्हणून विषय संपतो. पण ही पांढरी झाक जन्मजात मोतीबिंदूची किंवा डोळ्याच्या दुसऱ्या एखाद्या गंभीर आजाराची खूण असू शकते.

आजोबांचा मोतीबिंदू काही महिने उशिरा काढला तरी सहसा त्यांची नजर परत येते. तान्ह्या बाळाच्या दाट मोतीबिंदूच्या बाबतीत मात्र डॉक्टर आठवडे मोजतात. असं का? याचं उत्तर डोळ्यात नाही, मेंदूत आहे.

मेंदूतला नकाशा

मेंदूचा सगळ्यात बाहेरचा, सुरकुतलेला थर म्हणजे कॉर्टेक्स. माणसात त्याची जाडी साधारण 2 ते 4 मिलिमीटर असते. या पातळ थरात प्रत्येक ज्ञानेंद्रियाची जागा ठरलेली आहे. डोळ्यांकडून येणारे संदेश डोक्याच्या मागच्या बाजूला पोहोचतात, कानांचे कानशिलाजवळच्या भागात आणि स्पर्शाचे माथ्याच्या बाजूला. उंदीर, मांजर, माकड, माणूस या सगळ्या सस्तन प्राण्यांत ही मांडणी ढोबळमानाने सारखीच असते.

मग ही वाटणी करतं कोण? 1980च्या दशकाच्या शेवटी यावर दोन मतं पुढे आली. पास्को राकिच यांनी 1988 मध्ये मांडलं की, गर्भातल्या मेंदूच्या मूळपेशींमध्येच नकाशाचा कच्चा आराखडा असतो. पुढच्याच वर्षी डेनिस ओ'लिअरी यांनी दुसरी बाजू मांडली. त्यांच्या मते सुरुवातीला कॉर्टेक्स बराचसा एकसारखा असतो आणि ज्या भागात ज्या इंद्रियाच्या चेतातंतूंची जोडणी होते, त्या भागाला त्यामुळे ओळख मिळते.

जनुकं पत्ता कसा सांगतात?

पुढच्या काळात उंदरांवर झालेल्या प्रयोगांतून जनुकांचं काम उलगडत गेलं. गर्भातल्या कॉर्टेक्सच्या पुढच्या टोकाशी एफजीएफ-8 नावाचं प्रथिन तयार होतं आणि मागे पसरत जातं. पुढे ते जास्त असतं, मागे कमी होत जातं. पेशीला आपण किती पुढे किंवा मागे आहोत याचा अंदाज त्यातून मिळतो. अत्तराचा वास किती तीव्र येतोय, यावरून कुपी किती लांब आहे हे कळावं, तसंच हे.

या प्रथिनाच्या प्रभावाखाली पेशींमधली इतर जनुकं कमी-जास्त प्रमाणात काम करू लागतात. पॅक्स-6 हे जनुक पुढच्या भागात जास्त सक्रिय असतं, तर ईएमएक्स-2 मागच्या भागात, म्हणजे जिथे पुढे दृष्टीचा भाग तयार होणार असतो तिथे.

2000 मध्ये ओ'लिअरी यांच्याच गटाने ईएमएक्स-2 नसलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यात मागचा दृष्टीचा भाग आक्रसला होता आणि पुढचे भाग मागे पसरले होते. पॅक्स-6 बिघडलेल्या उंदरांत याच्या उलट बदल दिसले. म्हणजे चेतातंतूंना सगळं श्रेय देणाऱ्या मताच्या मांडणीकारानेच जनुकांच्या बाजूचा भक्कम पुरावा दिला.

2001 मधला एक प्रयोग त्याहून थक्क करणारा होता. उंदराच्या प्रत्येक मिशीसाठी कॉर्टेक्समध्ये पेशींचा एक वेगळा पुंजका असतो. टोमोमी फुकुची-शिमोगोरी आणि एलिझाबेथ ग्रोव्ह यांनी गर्भातल्या उंदराच्या कॉर्टेक्समध्ये मागच्या बाजूलाही एफजीएफ-8 तयार होईल अशी व्यवस्था केली. परिणामी काही उंदरांत मिशांच्या नकाशाची आणखी एक, अर्धवट प्रत तयार झाली.

माणसातही अशा जनुकांचं महत्त्व दिसतं. एनआर2एफ1 हे जनुक उंदराच्या कॉर्टेक्समध्ये ज्ञानेंद्रियांच्या भागांना योग्य जागा मिळवून देतं. माणसात ते बिघडलं तर डोळ्यांची मुख्य नस कमकुवत राहू शकते, शिवाय दृष्टी आणि आकलन यांच्या अडचणीही येऊ शकतात.

मग सगळं जन्माआधीच ठरतं का?

नाही. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले आणि पुढे अमेरिकेतल्या एमआयटीत गेलेले मृगांक सूर यांच्या गटाने फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यावर प्रयोग केले. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांमध्ये शस्त्रक्रिया करून डोळ्यांकडून येणारे चेतातंतू मेंदूतल्या ऐकण्याच्या मार्गाकडे वळवले. पिल्लं मोठी झाल्यावर ऐकण्याच्या कॉर्टेक्समधल्या पेशी प्रकाशाला प्रतिसाद देऊ लागल्या. समोरची रेघ उभी आहे की आडवी, हा फरकही त्या ओळखत होत्या. मात्र ही रचना खऱ्या दृष्टीच्या भागाइतकी नीटनेटकी नव्हती.

दोन्ही मतांत तथ्य आहे ते असं. बिल्डर फ्लॅटचा आराखडा काढतो, स्वयंपाकघर कुठे आणि न्हाणीघर कुठे ते ठरवतो. पण नळाला पाणी आणि दिव्याला वीज आली नाही, तर ते घर राहण्याजोगं होत नाही. जनुकं आराखडा देतात. त्या जागेत बारीक जोडण्या घडवण्यासाठी इंद्रियांकडून संदेश यावे लागतात, आणि तेही वेळेत.

वेळेला इतकं महत्त्व का?

डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी 1960च्या दशकात मांजराच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ बंद ठेवला. नंतर तो उघडल्यावर डोळा निरोगी होता, पण मेंदूतल्या बहुतेक पेशी त्याला दाद देत नव्हत्या. त्यांची जागा दुसऱ्या डोळ्याने घेतली होती. मोठ्या मांजरावर हाच प्रयोग केला, तर असा परिणाम होत नव्हता. दृष्टीव्यवस्थेवरच्या या कामासाठी दोघांना 1981 चं नोबेल पारितोषिक मिळालं.

बाळाच्या मोतीबिंदूची घाई याचसाठी असते. जनुकांनी जागा राखून ठेवलेली असते, पण धूसर भिंगामुळे तिथे स्पष्ट चित्र पोहोचतच नाही. ऑपरेशन उशिरा झालं तर डोळा साफ होतो, नजर मात्र पूर्ण तयार होत नाही. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट लवकर बसवण्याचा आग्रहही त्यामुळेच धरला जातो.

तरीही उशीर झाला म्हणजे सगळं संपलं, असं नाही. एमआयटीतले पवन सिन्हा यांनी सुरू केलेल्या 'प्रोजेक्ट प्रकाश'मध्ये भारतातल्या जन्मांध मुलांवर मोठ्या वयात मोतीबिंदूची ऑपरेशन्स झाली. नजरेची धार पूर्ण आली नाही, पण अनेक मुलं हळूहळू वस्तू ओळखायला शिकली.

त्यामुळे बाळाच्या बाहुलीत पांढरी झाक दिसली, दोन-तीन महिन्यांचं होऊनही बाळ नजर स्थिर करत नसेल, किंवा मोठ्या आवाजाने दचकत नसेल, तर 'मोठं झालं की होईल नीट' म्हणत थांबू नये. पांढरी झाक दिसली तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावं आणि ऐकण्याबद्दल शंका असेल तर कानांची तपासणी करून घ्यावी.